लेंटमध्ये रोज एक छोटं भलं काम, तुम्ही कसं टिकवता?

नगरची_लेक

सलाम सगळ्यांना. दोन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, लेंट, सुरू होतो त्या दिवशी, ठरवलं की लेंटमध्ये चहा सोडणं, गोड सोडणं यातलं काही नको. दरवर्षी तेच करते आणि ईस्टरच्या सकाळी आधी चहाच्या पातेल्याकडे धावते. त्यापेक्षा चाळीस दिवस रोज एक छोटं भलं काम करायचं, पैसे लागणार नाहीत असं, आणि ते प्रार्थना म्हणून करायचं, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या देवाला सांगायचं की आज मला एक माणूस दाखव. डोक्यात आमची आजी होती. आजी राहुरीकडची, वाचायला यायचं ते बायबलपुरतं. ७२ च्या दुष्काळात बाया खडी फोडायच्या कामावर आमच्या दारावरून चालत जायच्या, तर आजी पहाटे उठून पाण्याच्या दोन खेपा जास्तीच्या करायची आणि लिंबाखाली रांजण भरून ठेवायची. पाणी फडक्यातून गाळून, तुरटीचा खडा फिरवून, वर लाकडी झाकण, झाकणावर पितळी पेला पालथा. कुणी विचारलं तर मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं ते प्यालाभर गार पाण्याचं वचन म्हणायची आणि कामाला लागायची. आई सांगते की एका खेपेला पाऊण तास लागायचा.

तर माझी सुरुवात छान झाली. सोसायटीच्या वॉचमनकाकांना रात्री गरम पोळी, बसमध्ये जागा, ऑफिसात नवीन आलेल्या मुलीला डबा खायला सोबत, असं रोज काहीतरी, आणि रात्री मोबाईलच्या नोट्समध्ये एक ओळ लिहायची. सोळाव्या दिवशी जेवणं झाल्यावर ती लिस्ट उघडून बघत बसले होते आणि खरं सांगते, मला माझं फार कौतुक वाटत होतं. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली, दूधवाला आला का गं. त्यांना विसरायला होतं, दोन वर्षं झाली, तोच प्रश्न त्या संध्याकाळी पाचव्यांदा होता, आणि मी जे काही बोलले ते इथे लिहवत नाही. त्या एवढंच म्हणाल्या की बरं बाई, नाही विचारत. आणि माझ्या हातात मोबाईल, त्यात सोळा ओळी.

त्या दिवसापासून लिस्ट बंद आहे आणि कामंही जवळजवळ बंद पडलीयेत. बाहेरच्यांशी गोड आणि घरात असं, मग हे सगळं कशाला असं वाटतं. तुमच्यापैकी कुणी असं रोजचं काही पाळतं का? कसं टिकवता? आणि घरच्या माणसाचं काय करता?

बावखल_वसई

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी वसईची, कॅथलिक, आमच्याकडे हा विषय निघाला की संत लहान तेरेजा आठवतेच, फ्रान्समधल्या लिझ्यूची. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली, चोविसाव्या वर्षी १८९७ साली क्षयाने गेली, मठाच्या भिंतीबाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि १९९७ मध्ये चर्चने तिला आचार्यपद दिलं, कशासाठी, तर या छोट्या छोट्या गोष्टींच्या वाटेसाठी.

तुमच्या सासूबाईंचं वाचलं आणि तिची एक गोष्ट आठवली, तिने स्वतःच लिहून ठेवलेली. मठात एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, सिस्टर सेंट पीटर, चालता येत नव्हतं नीट. रोज संध्याकाळी प्रार्थना चालू असताना सहाला दहा मिनिटं कमी असली की कुणीतरी उठून त्यांना जेवणघरात न्यायचं असायचं. तेरेजाने ते काम मागून घेतलं, पण ती कबूल करते की मन नव्हतं, कारण या सिस्टरांचं समाधान करणं अवघड. त्यांनी त्यांचं वाळूचं घड्याळ हलवलं की समजायचं, चला. मग त्यांचं स्टूल ठरावीक पद्धतीने उचलायचं, घाई करायची नाही, मागून कमरेचा पट्टा धरून चालायचं. जरा जोरात चाललं की या ओरडणार, मी पडेन. जरा हळू चाललं की म्हणणार, तुझा हात लागत नाही, सोडलंस मला, तू फारच लहान आहेस या कामाला. जेवणघरात पोचल्यावर त्यांना बसवायचं, बाह्या दुमडायच्या, त्याही त्यांच्या पद्धतीने, मग तिची सुट्टी. पण तिला दिसलं की त्या दुखऱ्या हातांनी पाव कापताना फार धडपडतात, तर ती रोज थांबून पाव कापून द्यायला लागली आणि निघताना एकदा नीट हसून जायची. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि ती म्हणते की त्या सिस्टरांचा जीव जडला तो पाव कापण्यामुळे, आणि जास्त करून त्या हसण्यामुळे.

मी ही गोष्ट पहिल्यांदा कॅटेकिझमच्या वर्गात ऐकली तेव्हा काही वाटलं नव्हतं, आई आजारी पडल्यावर कळली. बाह्या दुमडण्यापर्यंतचं काम असतं, ते आपण करतोच हो, औषध देतो, अंघोळ घालतो. पुढचं ते एक मिनिट, जे कुणी मागितलेलं नसतं, तिथे माझी ओढाताण व्हायची. अजूनही होते.

आणि लिस्टचं म्हणाल तर लहानपणी तेरेजाकडेही मोजायची माळ होती! तिच्या आईच्या पत्रात आहे की ही एवढीशी पोरगी, पण दिवसातून शंभर वेळा खिशात हात घालून एक एक मणी सरकवते. तेव्हा मोजलं म्हणून लगेच वाईट वाटून घेऊ नका.

पाळकाचा_मुलगा

सलाम ताई. वरच्या ताईंची गोष्ट अप्रतिम, मला माहीत नव्हती. पण मोजण्याबद्दल मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका.

आमचे वडील सदतीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते, सगळी नगर, जालना पट्ट्यातली खेडी, आणि त्यांना या एका गोष्टीची फार भीती वाटायची, की माणूस चांगलं करायला लागतो आणि हळूहळू त्याला वाटतं की मी देवाच्या वहीत जमा करतोय. तुम्ही लिहिलंय ना की लिस्ट बघून कौतुक वाटत होतं, ते तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलं, आम्ही बाकीचे लिहीत नाही एवढाच फरक. म्हणून तर प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नको म्हटलं. इतरांपासून लपवणं सोपं आहे, स्वतःच्याच डाव्या हातापासून लपवणं महाकठीण.

इफिसकरांसच्या दुसऱ्या अध्यायात आठवं, नववं वचन आम्हाला संडे स्कूलमध्ये पाठ असायचं, कृपेनेच तारण, कर्मांनी नाही, कोणी बढाई मारू नये. बाबा दहाव्या वचनाशिवाय सोडायचे नाहीत कधी. दहावं असं की आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालो आहोत आणि ती देवाने आधीच योजून ठेवली आहेत. म्हणजे काम आपलं नाहीच, ते आधीच रस्त्यावर ठेवलेलं आहे, आपण फक्त त्या रस्त्याने चालायचं. तुम्ही सकाळी जी प्रार्थना करता, एक माणूस दाखव, ती मला यामुळे फार आवडली. फक्त ताई, माणूस दाखव म्हटल्यावर त्याने तुम्हाला सासूबाई दाखवल्या असतील तर? हे टोचून म्हणत नाहीये, माझ्या बाबतीत माझा भाऊ होता, आठ वर्षं बोलत नव्हतो.

आणखी एक. गलतीकरांसच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ सांगितलंय, त्यात आपल्या मराठी बायबलात पाचवा शब्द आहे ममता. इतर भाषांत तिथे दयाळूपणा किंवा भलेपणा अशा अर्थाचा शब्द येतो. आपल्या भाषांतरकारांनी ममता घातला आणि मला तो शब्द लहानपणापासून पुरतो. दया वरून खाली केली जाते, ममता तशी करताच येत नाही, ती आपल्या माणसावर असते. आणि ते फळ आहे, ते धरायला वेळ लागतो, सोळा दिवसांत आंब्याला मोहोरसुद्धा नीट येत नाही.

एक_वाचक

मी ख्रिश्चन नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरी वारीची परंपरा आहे, आजोबा दिंडीला पाणी वाटायचे, त्यामुळे रांजण वाचून पोटात कालवलं. मनापासून एक प्रश्न आहे, तुमच्याकडे पुण्य जमा होणं ही कल्पनाच नाही म्हणता, मग रोज करायचं कशासाठी? नेम कशाला? मनात येईल तेव्हा करावं की.

पाळकाचा_मुलगा

@एक_वाचक, दादा, प्रश्न फार चांगला विचारलात. मी मला समजतं तसं सांगतो. मनात येईल तेव्हा करायचं ठरवलं तर माझ्या मनात आवडत्या माणसांबद्दलच येतं. नेमाचा उपयोग एवढाच की ज्या दिवशी मनात काही नसतं त्या दिवशीही हात हलतो, आणि हात हलला की कधीकधी मन मागून येतं. वारीतसुद्धा रोज चालायचं असतंच ना, पाय दुखले तरी. आणि कशासाठी म्हणाल तर आम्ही आधीच माफ केलेले लोक आहोत अशी आमची श्रद्धा आहे, ते उपकार फेडता येत नाहीत, म्हणून पुढच्याला द्यायचे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर सांगायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्यामुळे तुमचा आजोबांचा पाण्याचा घडा मला परका वाटत नाही.

एक_वाचक

धन्यवाद. पुलाचं माहीत नव्हतं. वाचत राहीन.

रात्रपाळी

सलाम. मी नर्स आहे, शिक्षण मिरजेचं, सध्या आखातात आयसीयूत. मिरजेला शिकलेल्यांना वानलेस साहेबांचं नाव सांगायला लागत नाही, १८९४ साली त्यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि क्षयाच्या पेशंटसाठी जे आरोग्यधाम उभं राहिलं तिथली वस्ती अजून वानलेसवाडीच म्हणवते.

मला ताईंना एकच सांगायचंय, नवीन कामं शोधू नका. बारा तासांच्या ड्युटीनंतर अंगात त्राण नसतं, त्यात आणखी भलं काम कुठून शोधणार, माझं पहिल्या वर्षी असंच मोडलं, रडले होते मी हॉस्टेलवर. मग आमच्या एका जुन्या ट्यूटर बाईंचं आठवलं. त्या पेशंटला हात लावायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासायच्या, कारण एसीत हात गार पडलेले असतात आणि झोपलेल्या माणसाला गार हात लागला की तो दचकतो. तेवढंच मी धरलं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटलाही आधी नावाने हाक मारते, बेड नंबरने नाही, आणि सांगते की आता कूस बदलतेय, आता तोंड पुसतेय. मराठीतच सांगते बऱ्याचदा, समोरचा माणूस कुठल्या का देशाचा असेना. तळवे घासताना मनात म्हणते, प्रभू हे तुझं अंग आहे. मत्तय पंचविसाव्या अध्यायात तो म्हणतो ना, मी आजारी होतो. त्यापेक्षा लांब प्रार्थना मला ड्युटीवर जमत नाही. एका शिफ्टला तीस-चाळीस वेळा हात घासले जातात, म्हणजे तेवढ्या प्रार्थना झाल्या, आणि वेगळा वेळ काढावा लागला नाही.

पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून होते सतराव्या शतकात, वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात भांडी आणि जेवण हेच काम, आणि ते म्हणायचे की खरकट्या भांड्यांच्या खडखडाटातसुद्धा मी देवाजवळ तसाच असतो जसा प्रभुभोजनाच्या वेळी गुडघ्यावर असतो. मला ते पटतं कारण माझं चर्चला जाणं ड्युटीमुळे महिन्यातून एकदा होतं.

सासूबाईंचं, ताई, विसराळूपणाच्या पेशंटचा अनुभव सांगते. त्यांना उत्तर नको असतं, त्यांना कुणीतरी जवळ आहे का ते बघायचं असतं. दूधवाला हा फक्त शब्द आहे. एकदा उत्तर द्यायच्या आधी त्यांच्या हाताला हात लावून बघा.

तिसरी_बाजू

सगळं वाचलं, डोळ्यात पाणी आलं काही ठिकाणी. तरीही एक गोष्ट बोलायची आहे आणि ती कडू आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे पणजोबा कुठून आले ते आपल्याला माहीत आहे. महारवाड्यातून, मांगवाड्यातून. ते मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आले त्याच्या मागे मोठं तत्त्वज्ञान होतं असं मला वाटत नाही. कुणीतरी त्यांच्या घरात येऊन बसलं, त्यांच्या हातचं पाणी प्यायलं. एवढं छोटं काम होतं ते. लहान कृतीत किती ताकद असते हे आपल्याला दुसऱ्याने सांगायची गरज नाही.

पण आज आपणच काय करतो? मी एका ख्रिस्ती घरात बसले होते, प्रार्थना झाली, प्रार्थनेत शेजाऱ्यावर प्रीती झाली, मग चहा आला. झाडूवाल्या मावशींनाही दिला, प्रेमाने दिला, बिस्किटं दिली. कप वेगळा. कान तुटलेला, खिडकीत पालथा ठेवलेला. त्या घरच्या बाई रोज न चुकता तो चहा देतात, वर्षानुवर्षं. त्यांच्या मते ते त्यांचं रोजचं दयेचं काम आहे. मी काही बोलले नाही त्या दिवशी आणि ते मला अजून खातंय.

म्हणून माझी विनंती आहे की छोटं काम करताना ते मोठ्या कामाच्या बदल्यात तर करत नाही ना, हे बघा. पोळी द्या वॉचमनकाकांना, जरूर द्या, पण त्यांना आठवड्याची सुट्टी मिळते का ते सोसायटीच्या मिटिंगमध्ये कोण विचारणार? कामवाल्या ताईंना जुनी साडी देण्यापेक्षा पगारी रजा द्यायला जड का जातं? पंडिता रमाबाई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका केडगावला घेऊन आल्या. त्या मुलींना पोटभर जेवायला घालून थांबता आलं असतं त्यांना. पण तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना काढला आणि मुलींना छपाईचे खिळे जुळवायला शिकवलं, विणकाम शिकवलं, आंधळ्या बायकांना ब्रेल. स्वतः रमाबाई रोज उठून हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत बसायच्या, मरेपर्यंत, का, तर त्या अडाणी बायांना वाचता यावं. तेही रोजचंच काम होतं, ममतेचंच होतं.

नगरची_लेक

@तिसरी_बाजू ताई, तुमचं वाचून कालपासून अस्वस्थ आहे. रांजणाची एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती, लिहिते.

त्या रांजणातून सगळ्या बाया प्यायच्या नाहीत. गावाला माहीत होतं आम्ही आधी कोण होतो ते, ख्रिस्ती झालो म्हणून कुणी विसरलं नव्हतं. बऱ्याच बाया उन्हातून यायच्या, घसा कोरडा, लिंबाच्या सावलीत क्षणभर थांबायच्या, रांजणाकडे बघायच्या आणि तशाच पुढे जायच्या. आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची, ती आजीला म्हणायची, आये, कशाला भरतीस, अर्धा तर संध्याकाळी झाडाला ओतावा लागतो, आपल्यालाच प्यायला नाही. आजी दुसऱ्या दिवशी परत भरायची. एक बाई कडेवर पोर घेऊन जायची, ती एक दिवस थांबली, इकडे तिकडे बघितलं, पेला उचलला, पोराला पाजलं. स्वतः नाही प्यायली. पेला होता तसा पालथा ठेवला आणि गेली. नंतर रोज थांबायची पोरासाठी. आई सांगते की त्या बाईच्या स्वतःच्या ओठाला पाणी लागलेलं तिने कधी पाहिलं नाही.

आजीने याबद्दल कधी रागाने बोललेलं घरात कुणाला आठवत नाही. मला मात्र लिहितानासुद्धा राग येतोय.

वॉचमनकाकांच्या सुट्टीचा विषय मी रविवारच्या मिटिंगमध्ये काढणार आहे. मला आजवर हे सुचलंच नव्हतं.

ऐझॉल_डायरी

जय ख्रिस्त. नोकरीमुळे सहा वर्षं मिझोराममध्ये होतो, तिथली एक रोजची गोष्ट सांगतो. तिथे घराघरात स्वयंपाकाला तांदूळ घेतले की भांड्यात पडायच्या आधी एक मूठ बाजूच्या डब्यात काढतात. त्याला बुहफाइ थाम म्हणतात, १९१० पासून चालत आलंय. रोज, दोन्ही वेळा. आठवड्याला मंडळीतल्या बाया घरोघर फिरून ते तांदूळ गोळा करतात, मग ते विकून पैसे सेवाकार्याला जातात. सुरुवात झाली तेव्हा बायांकडे रोख पैसा नव्हता, होता फक्त तांदूळ, आणि तोही मोजका. आमच्या घरमालकीणबाई म्हणायच्या की मूठ काढल्यावर जेवायला कधी कमी पडलं असं झालं नाही, कारण मूठभराने कुणाचंच कमी होत नाही, पण मूठ काढायला विसरलं तर त्यांना दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं.

मला त्यातलं आवडलं ते हे की मूठ गरम भातातून काढत नाहीत, उरलेल्यातून तर नाहीच. आधी काढतात, मग शिजवतात. पुण्याला परत आल्यावर आम्ही घरी हे सुरू केलं, तांदूळ आणि ज्वारीचं पीठ दोन्हीची मूठ, महिन्याला डबा भरतो, तो कुठे जातो हे माझी बायको ठरवते आणि मी विचारत नाही. वर कुणी डाव्या हाताचं म्हणालं, आमच्याकडे डावा हात मी आहे.

पुणे_छावणी

छोटीशी भर. आम्ही मेथडिस्ट. आमच्या पंथाचे संस्थापक वेस्ली साहेब उपासना, उपास, वचन या भक्तीच्या कामांइतकंच दयेच्या कामांनाही कृपेचं साधन मानायचे, आणि दोन्हींची वेळ एकदम आली तर दयेचं काम आधी, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं होतं. आजाऱ्याला भेटण्यावर त्यांचं एक प्रवचन आहे, त्यात ते म्हणतात की पैसे किंवा मदत दुसऱ्याच्या हाती पाठवली तर त्या आजाऱ्याचं भलं होईलही, पण तुमचं व्हायचं ते राहून जाईल, स्वतः जा. मी बरीच वर्षं ऑनलाईन पैसे पाठवून मोकळा होत होतो. आता दर गुरुवारी एका आजोबांकडे जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवतो, त्यांची दृष्टी गेलीये. निधनवार्ता आधी वाचायला लावतात.

बावखल_वसई

@पाळकाचा_मुलगा दादा, राग कसला मानायचा, तुमच्या पोस्टवर दोन दिवस विचार केला. मोजू नये हे खरं, पण माझ्यासारखीला काही खूण लागते नाहीतर दिवस नुसता वाहून जातो. तर मी काय करते ते सांगते. सकाळी घरातून निघताना पदराला नाहीतर ड्रेसच्या उजव्या खिशात पाच चिंचोके टाकते. भलं काही हातून झालं, किंवा तोंडावर आलेला शब्द गिळला, की एक चिंचोका डाव्या खिशात. गिळलेला शब्दही धरते मी, आमच्या सात आध्यात्मिक दयेच्या कामांत त्रासदायक माणसाला धीराने सहन करणं आहेच. रात्री रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, आधी डावा खिसा न बघता बरणीत रिकामा करते. किती होते ते बघायचं नाही, बरणी कधी मोजायची नाही. उजव्या खिशात जे उरले ते मात्र हातात घेऊन बसते, एकेकाला आठवते, हा कुठे राहिला, कुणापाशी राहिला. संत इग्नेशियसच्या आत्मपरीक्षणाच्या प्रार्थनेतून घेतलंय, फक्त चिंचोके माझे. बहुतेक रात्री उरलेला चिंचोका घरातल्याच कुणाचा तरी असतो.

पाळकाचा_मुलगा

झालेलं ओतून द्यायचं आणि राहिलेलं हातात घ्यायचं. ताई, हे मी उद्यापासून करतो. बाबा असते तर त्यांनाही आवडलं असतं.

रात्रपाळी

चिंचोक्यांसाठी +१. इथे चिंचोके मिळणार नाहीत, खजुराच्या बिया चालतील.

नगरची_लेक

धागा वर काढतेय. ईस्टर होऊन आठवडा झाला, मध्ये घरात आजारपण होतं म्हणून येता आलं नाही.

वॉचमनकाकांचं आधी सांगते. मिटिंगमध्ये विषय काढला, दोन जणांनी विरोध केला, एजन्सीचा प्रश्न आहे म्हणाले, पण बाकीच्यांनी ऐकून घेतलं आणि आता रविवारी बदली माणूस येतो, त्याचे जास्तीचे पैसे मेंटेनन्समधून. काकांनी मला याबद्दल काही म्हटलं नाही, त्यांना कदाचित माहीतही नाही कुणी विचारलं ते, आणि मी सांगितलं नाहीये.

चिंचोके आणले, शेजारच्या आजींकडून. पहिले काही दिवस रात्री पाचच्या पाच उजव्या खिशातच असायचे.

आणि सासूबाई. पुण्यशुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांची उपासना करून घरी आले, डोकं दुखत होतं, उपास होता. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. दूधवाला आला का गं. मी उत्तर द्यायच्या आधी रात्रपाळी ताईंनी सांगितलं तसं त्यांच्या हातावर हात ठेवला. हात गार होता त्यांचा, म्हणून माझे तळवे घासले आणि परत ठेवले. म्हटलं, यायचाय अजून. त्या म्हणाल्या, उशीर करतो मेला, पोरं उपाशी आहेत. कुठली पोरं ते मी विचारलं नाही. म्हटलं, बघू या का आपण? तर लगेच उठल्या. मी त्यांची चप्पल पायात सरकवली आणि आम्ही दोघी हळूहळू लिफ्टने खाली उतरलो, गेटपर्यंत गेलो, कट्ट्यावर बसलो. संध्याकाळचे सहा वाजत आले होते, दूधवाला सकाळीच येऊन गेलेला. वीस-पंचवीस मिनिटं रस्ता बघत बसलो. त्यांनी मला सांगितलं की लग्न होऊन आल्यावर त्या पहाटे चारला उठून सहा जणांचं दूध तापवायच्या आणि साय आधी धाकट्या दिरासाठी काढून ठेवायच्या, कारण त्याला आई नव्हती. अकरा वर्षं झाली माझ्या लग्नाला, हे मला माहीत नव्हतं.

परत वर आलो तर त्या म्हणाल्या, दूधवाला आला का गं.

आता रोज सहाच्या सुमारास आम्ही खाली जातो. काल मला ऑफिसातून यायला उशीर झाला, बघते तर त्या चप्पल घालून दाराशी उभ्या.